मैफल सरते, तबकडी उरते

इंदूरच्या वायव्येस, रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटरांवर, गौतमपुरा नावाचे एक गाव आहे. थोरल्या मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून हे नाव पडले, असे सांगतात. बाहेरच्या जगाला हे गाव ठाऊक आहे ते लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तेथे होणाऱ्या हिंगोट युद्धामुळे. हिंगोट नावाच्या काटेरी झाडाचे फळ पोखरावयाचे, वाळवावयाचे, त्यात दारू ठासावयाची आणि ते पेटवून समोरच्या पक्षावर फेकावयाचे, असा हा जिवावरचा खेळ आहे. एका बाजूस गौतमपुऱ्याचा पक्ष, दुसऱ्या बाजूस शेजारच्या रुणजी गावाचा. या दोन पक्षांची नावे ऐकली म्हणजे मराठी माणसाचे कान टवकारल्याखेरीज राहत नाहीत. कारण ती नावे आहेत तुर्रा आणि कलगी.

आपल्या शाहिरांच्या फडांतही हेच दोन पक्ष होते. शक्तीला थोर मानणारे ते कलगीवाले आणि शिवाला थोर मानणारे ते तुरेवाले. रात्ररात्र सवाल-जबाब चालत, डफ कडाडत आणि उजाडताना कोण हरले व कोण जिंकले याचा निवाडा जमलेला समाज करी. माळव्यातील आणि राजस्थानातील लोकनाट्यांतही तुर्रा-कलंगीची ही परंपरा आढळते. आता विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, या असंख्य रात्रींतून आपल्या हाती काय उरले? काही कवने वह्यांत उतरली, त्यांतली थोडी छापली गेली. पण ती म्हणणारा आवाज, त्या आवाजाची फेक आणि समोरच्या गर्दीचा हुंकार हे सारे त्या त्या रात्रीबरोबर गेले. गाणे ही हजेरीची कला आहे. जो हजर होता त्याने ऐकले. जो नव्हता त्याला ते कधीच मिळणार नव्हते.

ही स्थिती बदलली ती एका काळ्या, वाटोळ्या तबकडीने. आज याच तबकडीविषयी, तिच्यात जे सापडते आणि जे निसटते त्याविषयी, आणि ती जपणाऱ्या माणसांविषयी चार शब्द बोलावयाचे योजिले आहे.

प्रथम तबकडी म्हणजे काय ते पाहू. ध्वनी म्हणजे हवेतील कंप. हे कंप एका पातळ पडद्यावर आदळले की पडदा थरथरतो, आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या थाळीवर नागमोडी रेघ कोरते. त्या मेणावरून धातूचा साचा करावयाचा आणि साच्यावरून हव्या तितक्या तबकड्या छापावयाच्या. घरी त्याच रेघेतून दुसरी सुई फिरली की ती तशीच थरथरते, पडदा हलतो आणि कर्ण्यातून मूळ आवाज बाहेर येतो. तबकडीवर दिसणारी वर्तुळे प्रत्यक्षात वर्तुळे नसतात. बाहेरच्या कडेपासून आतपर्यंत गेलेली ती एकच सलग खाच असते.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गाइसबर्ग या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यास पहिली हिंदुस्थानी ध्वनिमुद्रणे केली. गौहरजानचा आवाज तेव्हाच तबकडीवर उतरला. त्या वेळी तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हर येथे. गाणे संपताच गायिका आपले नाव इंग्रजीतून मोठ्याने सांगते, असे जुन्या तबकड्यांवर ऐकू येते. ज्यांना एकही हिंदुस्थानी शब्द कळत नव्हता, त्या दूरदेशीच्या कारागिरांना कोणाची तबकडी कोणती हे समजावे, यासाठी ही सोय होती, असे जाणकार सांगतात. १९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला. तोपर्यंत गायकाला कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून गळा ताणून गावे लागे. मायक्रोफोन आल्यावर हलका आवाज, मुरकी, श्वास हे सारे टिपले जाऊ लागले.

आणखी एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. या जुन्या तबकड्या लाखेच्या असत. लाख, दगडाची बारीक भुकटी आणि काजळी यांचे मिश्रण तापवून त्या छापीत, आणि जगाला ही लाख पुरविणारा सर्वांत मोठा देश हिंदुस्थान होता. छोटा नागपूरच्या जंगलातील आदिवासी पळस-कुसुंबाच्या फांद्यांवरून जी लाख खरवडून काढीत, तिच्यावर लंडनचे आणि न्यूयॉर्कचे गाणे कोरले जाई. दुसऱ्या महायुद्धात ही लाख मिळेनाशी झाली तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांना जुन्या तबकड्या परत गोळा करून नव्यांसाठी वापराव्या लागल्या.

लाखेची दहा इंची तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे वाजे. तीन मिनिटांचे हे बंधन गायकांच्या दृष्टीने केवढे होते, याची कल्पना करून पहा. मैफलीत एकेका रागाला तास-दीड तास देणाऱ्या बुवांना सांगितले जाई की, लाल दिवा लागला की सुरू करा आणि खूण होताच थांबा. कोणाला हा अपमान वाटला, कोणाला ही युक्ती साधली. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन मिनिटांत ठुमरीचे जे रूप उभे केले, ते ऐकताना काही राहून गेले असे वाटत नाही. त्यांची झिंझोटीतील ठुमरीची तबकडी गदगच्या एका लहान मुलाच्या कानी पडली, त्या सुरांनी त्याला झपाटले, आणि गुरूच्या शोधात १९३३ साली, अवघा अकरा वर्षांचा असताना, तो घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे पुढे भारतरत्न झालेले पंडित भीमसेन जोशी. खाँसाहेबांची मैफल त्या मुलाला कोण ऐकविणार होते? तीन मिनिटांची तबकडी त्याच्यापर्यंत पोचली, एवढे पुरे झाले.

तबकडीचे हे पहिले मोठे कार्य. मैफल राजवाड्यात किंवा धनिकाच्या दिवाणखान्यात होई. इंदूरच्या होळकर दरबारी मोठमोठे गवई आणि वादक असत. पण दरबाराच्या दारातून आत जाणारे लोक ते कितीसे! चावीच्या फोनोला मात्र वीज लागत नव्हती की बैठक लागत नव्हती. रेल्वेच्या स्थानकावर उतरून बैलगाडीने जेथे पोचावे लागे, अशा गावांतही एखाद्या घरी फोनो असला की ओसरीवर सारा वाडा गोळा होई. बालगंधर्वांची पदे, हिराबाई बडोदेकरांचे गाणे, मास्टर दीनानाथांच्या ताना, यांनी महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत जे स्थान मिळविले त्यात नाटक मंडळ्यांच्या दौऱ्यांइतकाच या तबकड्यांचाही वाटा आहे. माळव्यातील मराठी माणूस पुण्या-मुंबईपासून दूर होता. तबकडीने त्याला आपल्या गाण्यापासून दूर राहू दिले नाही.

पण सर्वांनीच तबकडीला जवळ केले नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. ज्यांच्या गाण्याने मागची पिढी वेडी झाली होती, त्यांचा एक सूरही आज आपल्याला ऐकावयास मिळत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा धंदा या देशात चाळीस वर्षांहून अधिक काळ भरात असताना ते गात होते. तरी त्यांनी आपला आवाज तबकडीवर दिला नाही. आपली विद्या यंत्राच्या स्वाधीन करू नये, ज्याला हवी त्याने समोर बसून घ्यावी, अशी त्या पिढीतील अनेकांची धारणा होती. तिला हट्ट म्हणून हसणे सोपे आहे. पण तीत एक सत्य होते. तीन मिनिटांचा तुकडा ऐकून लोक आपल्याला तेवढेच समजतील, ही भीती निराधार नव्हती.

ही अडचण दूर केली लाँग प्ले तबकडीने. १९४८ साली अमेरिकेत ती प्रथम विक्रीस आली. लाखेच्या जागी व्हिनाइल नावाचे प्लॅस्टिक आले, खाच बारीक झाली, फेरे मिनिटाला सवातेहतीस झाले असे ढोबळपणे म्हणतात, नेमके सांगावयाचे तर तेहतीस आणि एक तृतीयांश. आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणे मावू लागले. हिशेब केला तर मौज वाटेल. बावीस मिनिटांत तबकडी सुमारे सातशे तीस फेरे घेते, आणि तेवढ्यात सुई जवळजवळ अर्धा किलोमीटर वाट चालते. बारा इंचांच्या थाळीत अर्ध्या किलोमीटरची वाट!

या वाटेवरून खऱ्या अर्थाने चालले ते इंदूरचेच उस्ताद अमीर खाँ. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकरांच्या पदरी सारंगीवादक होते आणि अमीर खाँसाहेबांची सारी जडणघडण इंदूरला झाली. त्यांच्या गायकीला लोक इंदूर घराणेच म्हणतात. त्यांचा ख्याल अतिविलंबित, बहुधा झुमरा तालात. चौदा मात्रांचे एक आवर्तन पुरे व्हावयास त्यांना मिनिटाच्या आसपास अवधी लागे. म्हणजे लाखेच्या तबकडीत फार तर तीन आवर्तने मावणार! खाँसाहेबांच्या सुरुवातीच्या छोट्या तबकड्या आहेत, पण त्यांतून त्यांच्या गायकीचे खरे रूप कळत नाही. १९६० साली त्यांची लाँग प्ले तबकडी निघाली. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. पुढच्या पिढीतील किती तरी गायकांनी ही तबकडी झिजेपर्यंत ऐकली. १९७४ च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास मोटार अपघातात खाँसाहेब गेले. त्यांना समोर बसून ऐकलेले लोक आता थोडेच उरले आहेत. तो मारवा मात्र आजही जसाच्या तसा ऐकता येतो.

लाँग प्ले तबकडीने आणखी एक बदल घडविला. पूर्वी तबकडी म्हणजे सुटे गाणे. आता चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची एक अखंड कृती, तिला शोभेसे वेष्टन, वेष्टनावर चित्र आणि माहिती, अशी एक नवी वस्तू जन्मास आली. पश्चिमेकडील रॉक संगीतवाल्यांनी या वस्तूचे सामर्थ्य फार लवकर ओळखले. १९६७ साली बीटल्स या इंग्रज चौकडीने ‘सार्जंट पेपर’ नावाचा जो अल्बम काढला, त्यात गाणी एकामागून एक अशी गुंफली होती की सारा अल्बम एका बैठकीत ऐकावा. मौज अशी की, त्याच वर्षी आपल्याकडेही तसाच एक प्रयोग झाला. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा यांनी संतूर, बासरी आणि गिटार या वाद्यांतून काश्मीरमधील एका मेंढपाळाचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस रंगविला. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ती तबकडी. प्रहरानुसार राग ही आपली जुनी कल्पना, तबकडीची दोन अंगे ही नवी सोय, आणि दोन्ही एकमेकांत अगदी चपखल बसली.

आता मैफलीकडे वळू. रॉक संगीताच्या जलशांना लाखोंची गर्दी होते, तेथे नाचगाणे आणि गोंगाट असतो, म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण नाक मुरडतात. पण समोरचा श्रोता हवा, त्याच्याशिवाय गाणे पुरे होत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. १९६९ च्या ऑगस्टात न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकच्या महोत्सवात चार लाखांहून अधिक तरुण चिखलपावसात जमले होते. पंडित रविशंकर यांनी तेथे पावसातच सतार वाजविली. तो अनुभव त्यांना रुचला नाही. समोरचा समाज आपले वादन ऐकण्यासाठी आलेला नाही, असे त्यांना जाणवले आणि ते त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलेही.

याच्या उलट प्रसंग १९७१ सालचा. बांगलादेशातील निर्वासितांच्या साहाय्यासाठी १ ऑगस्ट रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रविशंकर आणि बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन यांनी दोन जलसे केले. प्रारंभी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांनी वाद्ये लावून घेतली. वाद्ये सुरात लागताच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! त्यांना वाटले, वादन झाले. तेव्हा रविशंकर हसून म्हणाले की, नुसते जुळवणे इतके आवडले असेल तर प्रत्यक्ष वादन त्याहून अधिक आवडेल अशी आशा आहे. हा सारा प्रसंग तीन तबकड्यांच्या संचात जसाच्या तसा आला. संपादकाला तो सहज कापता आला असता. पण तो ठेवला म्हणूनच त्या तबकडीला आज मोल आहे. कारण त्या एका क्षणात दोन संस्कृतींची भेट आणि त्यांतील अंतर दोन्ही ऐकू येतात.

यावरून मैफलीची तबकडी आणि ध्वनिमुद्रणगृहातील तबकडी यांतला भेद ध्यानात येईल. ध्वनिमुद्रणगृहात चूक झाली तर पुन्हा गाता येते; सारे स्वच्छ, नेटके, मोजून मापून असते. मैफलीत खोकला असतो, भांडे पडल्याचा आवाज असतो, मध्येच आलेल्या पाहुण्याला पुढे बसविण्याची गडबड असते. पण तेथे गायक एकटा नसतो. समेवर आलेली दाद त्याला पुढची जागा सुचविते. श्रोते थंड असतील तर तो वाट बदलतो. १९५० नंतर टेपरेकॉर्डर घरोघर नव्हे तरी रसिकांच्या हाती आले आणि खासगी बैठकींची ध्वनिमुद्रणे होऊ लागली. माळव्याला याचे महत्त्व विशेष; कारण १९४८ पासून देवासला राहिलेले कुमार गंधर्व किंवा इंदूरचे अमीर खाँ यांच्या गाण्याचा फार मोठा भाग अशा बैठकींतच झाला. १९५५ साली इंदूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, त्यानेही माळव्याचे सूर टिपण्याचे काम केले. तबकडी आणि मैफल एकमेकींच्या वैरिणी आहेत असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की, मैफलीची आठवण पडताळून पाहण्याचे साधन तबकडीखेरीज आपल्याजवळ दुसरे नाही.

येथवर आलो म्हणजे संग्राहकाची गोष्ट काढावीच लागते. जुन्या तबकड्या गोळा करणाराला आपला समाज काहीसा चक्रम समजतो. घरात जागा नाही, तबकड्यांना वाळवी लागत नसली तरी वेष्टनांना लागते, आणि हा गृहस्थ जुन्या बाजारात उन्हातान्हात हिंडतो. त्याला मिळते तरी काय? एक उदाहरण देतो. इंग्लंडात लाखेच्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद पडल्या. आपल्या खेड्यांत वीज नव्हती, चावीचे फोनो पुष्कळ होते; म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या त्यानंतरही बरीच वर्षे निघत राहिल्या. त्यामुळे १९६० नंतरच्या त्या काही वर्षांतली बीटल्सची गाणी लाखेच्या तबकडीवर छापली गेली ती येथे! आज त्या तबकड्यांसाठी साऱ्या जगातील संग्राहक मोठी किंमत मोजावयास तयार असतात. ज्यांनी त्या त्या काळी अडगळ म्हणून विकल्या, त्यांना याची कल्पनाही नसेल. पण किंमत हा भाग गौण आहे. त्या तबकडीत एक इतिहास आहे: रॉक संगीत, छोटा नागपूरची लाख, बंगालचा कारखाना आणि वीज नसलेले खेडे हे सारे एका थाळीत एकत्र आले आहे.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. आपल्याकडे छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि अन्य तीन ग्रंथालयांकडे पाठविण्याचे बंधन प्रकाशकावर १९५४ च्या कायद्याने घातले आहे. वृत्तपत्रांनाही ते लागू आहे. तबकड्यांना मात्र त्या कायद्यात स्थान नाही. म्हणजे एखादे सामान्य पुस्तकही कोठे तरी शिल्लक राहण्याची सोय आहे. पण एखाद्या थोर गायिकेची तबकडी कोणाच्याही घरी उरली नाही, तर ती कायमचीच गेली. ग्रंथांना ग्रंथालय आहे. तबकडीला तिचा संग्राहक हाच काय तो आसरा.

अशा संग्राहकांपैकी एकाचे नाव इंदूरच्या श्रोत्यांना परिचित असेलच. श्री. सुमन चौरसिया यांनी १९६५ पासून तबकड्या जमविल्या आणि २००८ साली इंदूर-महू रस्त्यावरील पिगडंबर येथे लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय उभे केले. लताबाईंचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरलाच झाला; त्यांच्या साडेसात हजारांवर गाण्यांच्या संग्रहासाठी हे ठिकाण प्रसिद्ध आहे. मुंबईस १९९० साली भारतीय तबकडी-संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली, श्री. सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या व्यासंगी मंडळींनी तिच्यामार्फत याद्या करणे, लेख छापणे आणि ऐकण्याचे कार्यक्रम करणे हे काम चिकाटीने चालविले. ही सारी खासगी माणसांची उमेद आहे, आणि खासगी उमेदीला माणसाच्या आयुष्याएवढीच मुदत असते. संग्राहकाच्या पश्चात त्याच्या संग्रहाचे काय, हा प्रश्न आज घरोघरी उभा आहे.

म्हणून काही व्यवहारातल्या गोष्टी सांगतो. आपल्या घरी माळ्यावर किंवा फडताळात जुन्या तबकड्या असतील तर त्या प्रथम उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात किंवा तडकतात. ऊन आणि ओल दोन्हींपासून त्या दूर असाव्यात. लाखेची तबकडी मद्यार्काने कधीही पुसू नका. लाख मद्यार्कात विरघळते, आणि पुसता पुसता गाणेच पुसले जाईल. मऊ कोरड्या कापडाने खाचेच्या दिशेने धूळ काढावी. चावीच्या फोनोवर पोलादी सुई प्रत्येक बाजूस नवी लावावी. बोथट सुई खाच खरवडते. लाखेच्या तबकडीची खाच रुंद आणि व्हिनाइलची अरुंद असते, तेव्हा एकीची सुई दुसरीला चालणार नाही.

तबकडीवरील चिठ्ठी आणि मधल्या गुळगुळीत भागावर कोरलेले क्रमांक टिपून ठेवा. त्यांवरून ध्वनिमुद्रणाचा काळ आणि ठिकाण जाणकारांना काढता येते. नव्या साधनांनी प्रत करून घेणार असाल तर फेऱ्यांची गती तपासून घ्या. जुन्या तबकड्या सर्वच नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या नसत. बाहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी अठ्ठ्याहत्तरांवर वाजविली, तर सारे गाणे एका अर्धस्वराहूनही अधिक चढते. मग आपण म्हणतो, काय हा उंच पट्टीतला आवाज! प्रत्यक्षात ती करामत यंत्राची असते, आणि गायिकेवर अन्याय होतो तो वेगळाच.

प्रत करणे कायद्यात बसते काय, असे कोणी विचारील. आपल्या देशात ध्वनिमुद्रणावरील कंपनीचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे चालतो. त्यानंतर ते ध्वनिमुद्रण सर्वांचे होते. गीत आणि चाल यांचे हक्क मात्र निराळे असतात, हे ध्यानात ठेवावे. लाखेच्या तबकड्यांपैकी बहुतेकांची साठ वर्षे केव्हाच उलटली आहेत. तेव्हा कायद्याची अडचण थोडी आहे. अडचण आहे ती आपल्या अनास्थेची.

आज गाणे मिळविणे फार सोपे झाले आहे, खिशातल्या यंत्रात हजारो गाणी मावतात, मग ही उठाठेव कशाला, असाही प्रश्न येईल. पण ज्या अमेरिकेत ही नवी साधने प्रथम पसरली, त्याच अमेरिकेत २०२२ साली व्हिनाइलच्या तबकड्या कॉम्पॅक्ट डिस्कहून अधिक संख्येने विकल्या गेल्या; १९८७ नंतर असे प्रथमच घडले. घेणाऱ्यांत तरुणच पुष्कळ आहेत. कारण उघड आहे. यंत्रातले गाणे आपण लावून ठेवतो. तबकडी आपल्याला बसून ऐकावी लागते. वेष्टनातून काढावी, पुसावी, सुई ठेवावी आणि वीस मिनिटांनी उठून बाजू बदलावी. एवढे कष्ट घेतल्यावर माणूस दुसरे काम करीत नाही, ऐकतो. आणि दुसरी गोष्ट अशी की, खिशातल्या यंत्रात जे गाणे आहे तेही कोणी तरी तबकडी जपली म्हणूनच तेथे पोचले आहे. जे जपले गेले नाही ते कोणत्याही यंत्रात नाही.

शेवटी एका तबकडीची हकीकत सांगून हे भाषण पुरे करतो. १९७७ साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. ती सूर्यमालेच्या पलीकडे जावयाची होती, म्हणून प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ग्रामोफोन तबकडी बसविली. पृथ्वीवरील मानवाचा आवाज कोणी परका जीव कधी काळी ऐकू शकला तर ऐकावा, या हेतूने. त्या तबकडीवर बाख आहे, बीथोव्हेन आहे, चक बेरीचे रॉक अँड रोल आहे, आणि साऱ्या हिंदुस्थानच्या वतीने एकच गाणे आहे. ते आहे गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी.

श्रोतेहो, केसरबाई या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. ज्यांनी आपला एक सूरही तबकडीस दिला नाही त्यांच्या! स्वतः बाईंनाही ध्वनिमुद्रणाचे फारसे प्रेम नव्हते. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला. त्यांच्या मैफली ज्यांनी ऐकल्या ते म्हणतात की, तबकडीवर बाई दिसतच नाहीत. त्यांचे म्हणणे खरे असेल. तरीही गुरूची सारी विद्या ऐकण्याचा मार्ग बंद झाला, आणि शिष्येची साडेतीन मिनिटे २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडून पुढे चालली आहेत.

तेव्हा या दिवाळीत माळा झाडताना काळ्या तबकड्यांचे एखादे बोचके हाती लागले, तर ते भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी उघडून पहा. चिठ्ठीवरचे नाव वाचा. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा की हे कोणी आणले, कधी ऐकले. आपल्याला ठेवणे शक्य नसेल तर ठेवणाऱ्या माणसाच्या किंवा संस्थेच्या हाती द्या. आणि एक तरी तबकडी, चार शेजाऱ्यांना बोलावून, एकत्र बसून ऐका. गेलेली मैफल परत येत नाही हे खरे; पण तबकडीपाशी चार माणसे जमली म्हणजे दाद देणारे कान तरी पुन्हा एकत्र येतात.